दळणवळणाच्या इतिहासाचीं दोन साधनें : ‘मुंबईचें वर्णन’ आणि ‘माझा प्रवास’

(१)

महाराष्ट्रांतील दळणवळणाचा इतिहास सांगतांना एक ठराविक क्रम पाळला जातो. आरंभीं पायवाट व बैलगाडी, मग १८५३ ची आगगाडी, मग ट्राम, विजेची गाडी, मोटार, आणि शेवटीं मेट्रो. प्रत्येक पायरीस एक सन जोडलेला असतो, व तो सन आला कीं सारा प्रांत त्या पायरीवर चढला असें गृहीत धरलें जातें. हे सन बहुधा बरोबर असतात. आमचा आक्षेप त्यांवर नाहीं. ते सन कोणाचे, हा प्रश्न न विचारतां ते सर्वांस लावले जातात, यावर आमचा आक्षेप आहे. १८५३ हा बोरीबंदर व ठाणें यांचा सन होय. मावळांतल्या किंवा तळकोंकणांतल्या एखाद्या खेड्याचाहि तो सन होता काय, हें स्वतंत्रपणें तपासावें लागतें; आणि तें तपासण्याचीं साधनें निराळीं असतात.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही दोन प्रसिद्ध मराठी ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून पाहणार आहों. पहिला गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’, व दुसरा विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’. दोन्ही ग्रंथांचें वाङ्मयीन गुणवर्णन पुष्कळांनीं केलें आहे. तें येथें पुन्हा करण्याचें कारण नाहीं. शहरांतलें जाणें-येणें व खेड्यांतलें जाणें-येणें यांचें साधन म्हणून या ग्रंथांची किंमत काय, ते कोठें बोलतात व कोठें गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ संशोधकानें कसा करावा, एवढाच आमचा विषय आहे.

(२)

माडगांवकर (१८१५–१८६५) मूळचे गोमंतकांतील मडगांवचे. बालपणीं ते मुंबईस आले व तेथेंच शिक्षक झाले. त्यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. मुंबईसंबंधीं मराठींत झालेल्या विस्तृत ग्रंथांत हा आद्य मानला जातो, आणि २००८ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघाल्यापासून मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांसहि तो उपलब्ध झाला आहे. बेटांचा पूर्वेतिहास, रस्ते, बाजार, देवळें, शाळा, छापखाने, नाना जातींचे लोक आणि आगगाडी यांची माहिती ग्रंथकारानें मोठ्या हौसेनें गोळा केली आहे. शिक्षकाच्या पेशास शोभणारी नोंद करण्याची संवय पानोपानीं दिसते. शहरांत राहणारा मनुष्य आपल्या शहराकडे जितक्या जवळून पाहूं शकतो, तितक्या जवळून हें पाहिलेलें आहे. एवढें श्रेय ग्रंथकारास निःसंशय दिलें पाहिजे.

या ग्रंथाचें प्रामाण्य मात्र त्याच्या नांवापुरतेंच आहे. तो मुंबईचें वर्णन करतो; मुंबई इलाख्याचें नव्हे. ठाण्यापलीकडे, कल्याणापलीकडे लोक कसे जात-येत असत हें त्यांत शोधणें म्हणजे अमरकोशांत पंचांग शोधण्यासारखें होय. दोष ग्रंथाचा नाहीं. त्याच्या आधारें “त्या काळीं मराठी मनुष्य आगगाडीनें प्रवास करूं लागला होता” अशी सरसकट विधानें करणाऱ्यांचा आहे.

एक गोष्ट तेवढी सांगतों. हा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, म्हणजे १८६३ च्या एप्रिलांत, भोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. तत्पूर्वीं मुंबईकडील गाडी १८५६ पासून खोपोलीपर्यंत येत असे, व १८५८ पासून पुण्याकडील गाडी खंडाळ्यापर्यंत येत असे. मधला घाट उतारू पालखींतून किंवा तट्टावरून चढत-उतरत. वर एक यंत्र, खालीं एक यंत्र, आणि मध्यें भोयांचे खांदे. कालक्रमाच्या कोष्टकांत १८५८ ची नोंद “मुंबई–पुणें आगगाडी” अशी एका ओळींत सांपडते. पण त्या ओळींत भोई सांपडत नाहींत.

(३)

आतां दुसरा ग्रंथ. विष्णुभट गोडसे हे पेणजवळील वरसई गांवचे याज्ञिक ब्राह्मण. घरावर कर्ज झालेलें; ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत अशी वार्ता आलेली. तेव्हां दक्षिणेच्या आशेनें ते १८५७ च्या वसंतांत चुलत्यासह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. महू, उज्जयिनी, धार, ग्वाल्हेर, झांशी, काल्पी, चित्रकूट, अयोध्या, काशी अशीं स्थळें त्यांनीं पाहिलीं. झांशीचा वेढा शहराच्या आंत राहून अनुभवला. वाटेंत लूट सोसली. आणि शेवटीं गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं परतले. पुढें बऱ्याच वर्षांनीं चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं हा वृत्तान्त लिहून काढला.

या ग्रंथाच्या पाठाची कथा हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस ठाऊक असेलच. तरीहि ती येथें सांगणें अवश्य आहे, कारण आमच्या विषयाशीं तिचा प्रत्यक्ष संबंध आहे. वैद्यांनीं १९०७ सालीं जो ग्रंथ छापला त्यांत भाषा नीटनेटकी केली, मांडणी बदलली व कांहीं मजकूर गाळला. मूळ हस्तलिखित त्यांनीं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केलें, आणि दत्तो वामन पोतदार यांनीं त्यावरून मूळबरहुकूम आवृत्ति १९६६ सालीं संपादिली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्रानें जो ‘माझा प्रवास’ वाचला तो गोडसेभटजींचा व वैद्यांचा मिळून होता.

झांशीच्या राणीची हकीकत पाहणाऱ्यास यामुळें थोडाच अडथळा येतो. वाटेचा इतिहास पाहणाऱ्यास मात्र पुष्कळ येतो. संपादकाचा हात पहिल्यानें फिरतो तो अशाच शब्दांवरून, जे त्यास ग्राम्य किंवा अनावश्यक वाटतात. वाटेवरचे मुक्काम, गाड्यांचे प्रकार, भाडें, ओझें, सोबतीचे लोक, यांविषयींचीं वाक्यें कथेच्या ओघांत भरताड वाटतात, व नेमकीं तींच आम्हांस हवीं असतात. म्हणून दळणवळणाच्या कामीं या ग्रंथाचा आधार घेणारानें १९६६ ची आवृत्तीच घ्यावी, १९०७ ची घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आजहि कित्येक लेखांत कोणती आवृत्ति वापरली याचा उल्लेखच नसतो, ही गोष्ट शास्त्रास धरून नाहीं.

आतां दोन्ही ग्रंथ एकत्र वाचावे. गोडसेभटजी वरसईहून निघाले तेव्हां खोपोलीस आगगाडी येऊन सुमारें वर्ष झालें होतें, आणि वरसईपासून खोपोली कांहीं लांब नाहीं. यंत्र दाराशीं येऊन उभें होतें. तरीहि त्यांच्या प्रवासाची घडण पूर्वापार चालत आली तशीच आहे: मुहूर्त पाहावा, सोबत शोधावी, दिवस मुक्कामांनीं मोजावे, द्रव्य लपवून न्यावें. त्यांस जावयाचें होतें त्या दिशेस रूळ नव्हते, हें एक कारण झालें. पण त्याहून महत्त्वाचें असें कीं, रूळ जेथें संपत तेथून पुढें प्रत्येक मनुष्य पुन्हा आपल्या पायांचा व आपल्या सोबतीचा धनी होत असे. १८५७ हें एकच वर्ष दोन गांवांत दोन निरनिराळ्या काळांचें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(४)

येथें लक्षणाचा प्रश्न उपस्थित होतो. लक्षणाचे अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव असे तीन दोष तर्कशास्त्रांत सांगितले आहेत. “दळणवळणाची सुधारणा म्हणजे नवें वाहन” असें लक्षण केलें तर त्यास पहिले दोन्ही दोष लागतात. वाहन नवें नसतांहि जाणें-येणें सुकर होऊं शकतें, ओढ्यावर फरशी पडली कीं होतें, म्हणून अव्याप्ति. आणि वाहन नवें आलें तरी तें गांवाच्या वाटेस लागत नाहीं, म्हणून अतिव्याप्ति.

आम्ही निराळें लक्षण सुचवितों. एखाद्या ठिकाणचें दळणवळण कसें आहे हें जाणावयाचें असल्यास तेथील मनुष्यास इतकेंच विचारावें: गाडी चुकली तर काय जातें? मुंबईच्या लोकलचा उतारू मिनिटांच्या हिशेबानें चालतो, आठ सतराची व आठ एकवीसची या त्यास दोन निराळ्या गाड्या वाटतात. पण एक चुकली तर त्याचीं चार-पांच मिनिटें जातात व मालकाची कपाळास आठी येते. ज्या खेड्यांत दिवसांतून दोन वेळां एस. टी. येते तेथें सकाळची गाडी चुकली तर दिवस जातो. मामलेदार कचेरींतलें काम जातें, दवाखान्याची वेळ जाते, परीक्षा असेल तर कदाचित् वर्षहि जातें. शहरांत घड्याळ बारीक व चूक स्वस्त. खेड्यांत घड्याळ ढोबळ व चूक महाग.

हें लक्षण जुन्या काळासहि लागू पडतें. सोबत चुकली कीं दुसरी मिळेपर्यंत धर्मशाळेंत पडून राहावें लागे. माडगांवकरांच्या मुंबईंत एक भाड्याची गाडी गेली तर दुसरी मिळणें अवघड नव्हतें. ट्राम नव्हती, मोटार नव्हती, एस. टी. नव्हती, तरी हा भेद होताच. वाहनें पुढें बदललीं. भेदाचें माप कमीजास्त झालें. भेदाची जात तीच राहिली.

(५)

शब्दांची साक्षहि याच बाजूची आहे. ‘प्रवास’ हा शब्द ‘वस्’ या धातूपासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ घर सोडून परठिकाणीं राहणें असा. संस्कृतांतील प्रवासी हा मुख्यतः घरापासून दूर राहिलेला मनुष्य होय. त्या अर्थानें गोडसेभटजींचा प्रवास हा खरा प्रवास आहे. सकाळीं जाऊन सायंकाळीं परत येणारास हा शब्द मुळांत शोभत नाहीं. त्यास मराठींत ‘येरझारा’, ‘जा-ये’ असे शब्द आहेत, पण नोकरीसाठीं रोज घडणाऱ्या जाण्या-येण्यास त्यांपैकीं एकहि चिकटला नाहीं. त्या जागीं खेडोपाडीं व तालुक्याच्या गांवीं रूढ झाला तो ‘अप-डाउन’ हा शब्द. “मास्तर इथें राहत नाहींत, अप-डाउन करतात,” असें वाक्य ज्या गांवांत कोसोगणती रूळ नाहींत तेथेंहि ऐकूं येतें. रेल्वेच्या भाषेंत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ व मुंबईहून निघालेली ‘डाउन’. शहर हें वर व बाकी सारें खालीं, ही दिशा रुळांवरून उतरून लोकांच्या जिभेवर बसली.

याउलट कांहीं जुने शब्द खेड्याच्या गाडीनें जिवंत ठेवले आहेत. ‘टप्पा’ हा जुन्या कागदांत डाकेच्या संदर्भांत येणारा शब्द, एस. टी. च्या भाडे-आकारणींत सहा किलोमीटरांचा टप्पा धरला गेला, व वाहकाच्या तोंडीं तो शब्द पुन्हा वावरूं लागला. ‘मुक्काम’ हा शब्द मुंबईच्या बसला लागत नाहीं. पण रात्रीं शेवटच्या गांवीं राहून पहांटे तालुक्यास परत निघणारी ती ‘मुक्कामाची गाडी’, हें खेड्यांत पोरासोरांसहि ठाऊक असतें. चालक-वाहक देवळांत, शाळेच्या ओसरीवर किंवा गाडींतच निजतात, आणि ज्या गांवीं गाडी मुक्कामास असते त्या गांवास शेजारच्या गांवांत मान असतो. गोडसेभटजींस आज वाहक होऊन यावें लागलें तर निदान हा एक शब्द त्यांस समजावून सांगावा लागणार नाहीं.

तिसरा शब्द ‘रोड’. स्टेशनाच्या नांवापुढें ‘रोड’ आला म्हणजे तें गांव तेथें नाहीं, तेथून रस्त्यानें जावयाचें आहे, असें समजावें. कुर्डुवाडीस पूर्वीं ‘बार्शी रोड’ म्हणत. तेथून बार्शी वीस मैलांहून दूर. म्हणजे बोरीबंदराहून ठाणें जितकें, जवळजवळ तितकेंच. तें अंतर तोडण्यासाठीं एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या कंपनीनें अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे काढली, व ती १८९७ सालीं सुरू झाली. ठाण्याची गाडी व बार्शीची गाडी यांच्यामध्यें चवेचाळीस वर्षें आहेत. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्णपणें खुली झाली. तिच्यावरहि ‘राजापूर रोड’ व ‘सावंतवाडी रोड’ आहेतच. स्टेशनांच्या नांवांची यादी हा एक उत्तम शिलालेख आहे. तो वाचतांना मात्र ‘रोड’ हें अक्षर गाळून वाचण्याची चाल पडली आहे.

(६)

पुढील काळाचा आढावा याच लक्षणानें थोडक्यांत घेतों. मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. आरंभीं कुलाबा ते पायधुणी तीन आणे भाडें असे, व तिकीट देत नसत. पुढें भाडें दोन आणे झालें आणि फुकट जाणारांची संख्या वाढली म्हणून त्याच वर्षीं तिकिटें आलीं. म्हणजे शहराच्या गाडीनें पहिल्याच वर्षांत कागद निर्माण केला. १९०७ सालीं विजेची ट्राम, १९२५ सालीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची आगगाडी, १९२६ सालीं मोटार-बस, १९४७ च्या ऑगस्टांत बस-ट्राम महापालिकेच्या ताब्यांत, ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम, २०१४ सालीं मेट्रो. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रें आहेत, अहवाल आहेत, भाड्याचीं कोष्टकें आहेत.

खेड्याच्या बाजूस तुलनेस ठेवण्याजोगा ठळक सन एकच सांपडतो. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर सरकारी मोटार-बस धांवली. तोहि दोन शहरांमधला मार्ग होता. त्या मार्गावरून फुटलेल्या फांट्यांवर, आणि फांट्यापासून गांवापर्यंत, गाडी केव्हां पोंचली याचे सन हजारों आहेत. पण ते छापलेले नाहींत. ते म्हाताऱ्यांच्या तोंडीं आहेत: “दुष्काळाच्या सालीं रस्ता झाला, मग गाडी आली,” “थोरलीच्या लग्नाला गाडी नव्हती, धाकटीच्या वेळीं होती.” शहरास सन आहे, खेड्यास लग्न आहे.

येथें कोणी म्हणेल कीं हा भेद आतां इतिहासजमा झाला. खेड्यांत दुचाक्या आल्या, वडाप व काळी-पिवळी आली; एस. टी. वांचून कोणाचें अडतें? या आक्षेपास अलीकडच्याच काळानें उत्तर दिलें आहे. ऑक्टोबर १९२१ नव्हे, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. मुंबईंत त्या महिन्यांत लोकल चालू होत्या व बस चालू होत्या. आडबाजूच्या गांवांत मात्र ज्यांच्या घरीं दुचाकी नाहीं, किंवा आहे पण ती बाप घेऊन जातो, अशा मुलामुलींचें तालुक्याच्या शाळेंत जाणें अडलें. वडाप भरल्याशिवाय सुटत नाहीं, व जेथें ती भरत नाहीं तेथें ती जातच नाहीं. दुचाकीनें खेड्यांतल्या कर्त्या पुरुषाची गाडी चुकण्याची भीति घालविली हें खरें. म्हाताऱ्याची, बाईची व पोराची ती अद्याप गेलेली नाहीं. मार्च २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांस अर्धें भाडें झालें, ही मोठीच सोय होय. पण अर्ध्या भाड्याचा लाभ मिळण्यास पूर्ण गाडी यावी लागते.

(७)

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खेड्याच्या दळणवळणाविषयीं कागद कमी आहेत, यावरून काय अनुमान करावें? भाट्ट मीमांसक व वेदान्ती ‘अनुपलब्धि’ हें स्वतंत्र प्रमाण मानतात. घट दिसत नाहीं यावरून घट नाहीं असें ज्ञान होतें. पण त्यांनीं त्यास ‘योग्य’ हें विशेषण लाविलें आहे. वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असेल तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. अंधारांत घट दिसला नाहीं म्हणून तो नाहीं असें म्हणतां येत नाहीं. आमच्या इतिहासलेखनांत हें ‘योग्य’ विशेषण वारंवार विसरलें जातें. मुंबईच्या एखाद्या ट्रामविषयीं कागद नसेल तर ती ट्राम नव्हती असें म्हणणें बहुधा बरोबर ठरेल, कारण तेथें दिवा लागलेला आहे. एखाद्या खेड्याच्या जाण्या-येण्याविषयीं कागद नाहीं म्हणून तेथील लोक हलत नव्हते असें म्हणणें हें अंधारांतलें अनुमान होय. ‘स्वयंपूर्ण व निश्चल खेडें’ ही जी कल्पना पाठ्यपुस्तकांपर्यंत पोंचली तिचा बराचसा पाया अशा अनुमानावर आहे. पंढरीची वारी, बाजारचा दिवस, माहेर-सासर, ऊसतोडीची स्थलांतरें, हें सारें त्या निश्चल खेड्यांतूनच चालत आलें.

म्हणून साधनें शोधावयास हवींत, व तीं अनपेक्षित जागीं शोधावयास हवींत. आम्हीं पुष्कळ वर्षें तालुक्याच्या एका शाळेंत संस्कृत शिकविलें. त्या अनुभवावरून सांगतों कीं शाळेचा हजेरीपट हा दळणवळणाचा एक अत्यंत विश्वसनीय लेख आहे. गाडी सव्वाचारची असे तोंपर्यंत शेवटच्या तासाला लांबच्या गांवचीं मुलें उठून जात. वेळ पुढें ढकलली त्या वर्षापासून तीं बसूं लागलीं. पावसाळ्यांत ओढ्यास पाणी आलें कीं गाडी फांट्यावरूनच परत फिरे, व त्या गांवच्या नांवांपुढें हजेरीपटांत एकाच शाईनें एकाच दिवशीं गैरहजेरी पडे. कोणत्या गांवची पहिली मुलगी आठवीच्या वर्गांत कोणत्या सालीं बसली हें जनरल रजिस्टरावरून काढावें, आणि त्या गांवीं गाडी कोणत्या सालीं गेली हें म्हाताऱ्यांस विचारावें. ज्या थोड्या गांवांपुरती आम्हीं ही पडताळणी करून पाहिली तेथें दोन्ही सन फार लांब पडले नाहींत. थोड्या गांवांवरून नियम बसवूं नये, हें आम्ही जाणतों. पण मार्ग दिसतो.

याखेरीज बाजार-आवारांतील पावत्या, देवस्थानांच्या यात्रेच्या वह्या, धर्मशाळांचीं उतारू-पुस्तकें, नावाड्यांच्या तरींचे लिलाव, ग्रामपंचायतीचे “आमच्या गांवास गाडी मिळावी” असे ठराव, आणि आगारांतून रद्द झालेलीं जुनीं वेळापत्रकें, हीं सर्व साधनें होत. बखर व सनद यांच्या शेजारीं वेळापत्रक ठेवण्यास संग्राहकांस संकोच वाटतो, हें आम्हांस ठाऊक आहे. पण जो कागद आज सर्वांच्या हातीं असल्यामुळें कोणीच जपत नाहीं, तोच पन्नास वर्षांनीं दुर्मिळ होतो, हा नियम संग्राहकांइतका कोणास ठाऊक असणार? कालच्या छापील तिकिटाची पेटी व वाहकाचा चिमटा गेला. आतां यंत्रांतून जी पट्टी निघते तिच्यावरील अक्षरें कांहीं महिन्यांत उडून जातात. ताडपत्र हजार वर्षें टिकलें. हें तिकीट पुढच्या आषाढीपर्यंत टिकत नाहीं.

यांत केवळ विद्वत्तेची हौस आहे असें नव्हे. एखादी फेरी तोट्यांत चालते म्हणून बंद करावी कीं काय, असा प्रश्न येतो तेव्हां त्या दिवशींच्या तिकिटांची बेरीज पुढें ठेवली जाते. ती फेरी सुरू झाल्यापासून त्या गांवांतून किती मुलें शिकलीं, किती बाळंतिणी वेळेवर दवाखान्यांत पोंचल्या, याची बेरीज मांडणारा कागद कोणाजवळ नसतो. जो इतिहास लिहिला गेला नाहीं त्याचा पुरावा म्हणून उपयोग होत नाहीं, आणि पुराव्यावांचून खेड्याची बाजू प्रत्येक वेळीं हरते.

(८)

सारांश, ‘मुंबईचें वर्णन’ हें एका शहराचें उत्कृष्ट साधन आहे; त्यास त्याच्या सीमेंत वापरावें. ‘माझा प्रवास’ हें शहराबाहेरच्या वाटेचें दुर्मिळ साधन आहे. त्यास मूळ पाठांतच वापरावें. पहिल्यासारखे ग्रंथ पुढें अनेक झाले. दुसऱ्यासारखे फार थोडे झाले, आणि तेहि यज्ञाच्या वार्तेनें एक भिक्षुक घराबाहेर पडला, व एका जाणत्या यजमानानें त्यास लिहावयास लावलें, म्हणून झाले. योगायोगावर विसंबून राहण्याइतका वेळ आतां उरलेला नाहीं. १९४८ नंतर आपल्या गांवीं पहिली गाडी आलेली ज्यांनीं पाहिली ते आतां ऐंशीच्या पुढें गेले आहेत.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. आपापल्या गांवीं, किंवा आपल्या आजोळीं, पहिली गाडी कोणत्या सालीं आली, ती कोठपर्यंत येई, दिवसांतून किती वेळां येई, मुक्कामास कोठें राही, आणि ती येण्यापूर्वीं तालुक्यास जाण्यास किती वेळ लागे, हे पांच प्रश्न एखाद्या वृद्धास विचारून उत्तरें त्याच्याच शब्दांत, दुरुस्ती न करतां, तारखेसह उतरून घ्यावीं. शब्द गांवठी वाटले तरी बदलूं नयेत. शंभर गांवांचीं अशीं शंभर पानें जमलीं तर पुढच्या अभ्यासकास माडगांवकरांच्या शेजारीं ठेवावयास कांहीं तरी मिळेल.